दगडाखालचे साक्षीदार: ऱ्हाईन नदीची एक रात्र

१ नोव्हेंबर १९८६ च्या रात्री स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराजवळ जे घडले, त्याची माणसांनी केलेली नोंद मिनिटांच्या हिशेबाने उपलब्ध आहे. आग कधी दिसली, भोंगे कधी वाजले, धोका टळल्याचे कधी जाहीर झाले, हे सगळे त्यात सापडते. त्याच रात्रीची दुसरी नोंद ऱ्हाईन नदीच्या तळाशी, दगडांच्या खालच्या बाजूला झाली. ती ठेवणाऱ्या होत्या कॅडिसफ्लाय नावाच्या कीटकाच्या अळ्या. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की त्या रात्री नेमके काय गेले ते कळते. इथे त्या तशाच शेजारी ठेवल्या आहेत.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर, दिवसा

बाझेलच्या थोडे वर, नदीच्या डाव्या काठावर श्वाइट्सरहाले हा कारखान्यांचा पट्टा आहे. तिथे सांडोझ या औषध व रसायन कंपनीचे ९५६ क्रमांकाचे गोदाम होते. ते मुळात यंत्रसामग्री ठेवण्यासाठी बांधलेले. पुढे त्यात रसायने आली आणि त्या शुक्रवारी तिथे १,३५१ टन रसायनांचा साठा होता. त्यात मुख्यतः शेतीची कीटकनाशके होती, सोबत पारायुक्त बुरशीनाशक आणि ऱ्होडामिन नावाचा गडद लाल रंगही होता. गोदामात धूर ओळखणारी यंत्रणा नव्हती, आपोआप पाणी शिंपडणारे फवारे नव्हते आणि आग विझवताना वाहणारे पाणी अडवायला टाकीही नव्हती. ही शेवटची उणीव १९८१ मध्ये एका विमा कंपनीच्या तपासणीत दाखवून देण्यात आली होती.

त्या दिवशी प्रशियन ब्लू या निळ्या रंगाच्या गोण्या प्लॅस्टिकच्या आवरणात बांधण्याचे काम चालले होते. हे आवरण गॅसच्या ज्योतीने तापवले की आकसून मालाला घट्ट बसते. प्रशियन ब्लूचा गुण असा की त्याला धग लागली तर तो ज्वाळेशिवाय आणि धुराशिवाय, आतल्या आत धुमसत राहू शकतो. नंतरच्या तपासात आगीचे सर्वांत संभाव्य कारण म्हणून हेच पुढे आले. काम आटोपले, माणसे घरी गेली. गोदाम वरून शांत दिसत होते.

खाली बिर्सफेल्डनचे धरण ओलांडून नदी बाझेल शहरात शिरत होती. वर्षाची सरासरी काढली तर इथून सेकंदाला हजार घनमीटरच्या आसपास पाणी वाहते.

सायंकाळी ५ वाजता: आगीला ७ तास

ऑक्टोबरअखेरीस या भागात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अमावास्या तोंडावर होती, त्यामुळे पुढची रात्र जवळजवळ चंद्राविना जाणार होती. नदीच्या तळाशी राहणाऱ्यांच्या दृष्टीने याला अर्थ आहे. मासे डोळ्यांनी शिकार करतात, म्हणून तळाचे कीटक उजेडात दगडाखाली दडून राहतात आणि अंधार पडला की बाहेर पडतात. रात्र जितकी काळी, तितकी त्यांची हालचाल मोकळी.

शहरालगतच्या वाहत्या पाण्यातला मुठीएवढा एक दगड मनाने उचलू. त्या संध्याकाळी तो कोणी प्रत्यक्ष उचलला नव्हता, पण तिथल्या तळाशी कोण राहत होते हे ठाऊक असल्यामुळे त्याच्या खाली काय असणार ते सांगता येते.

दगड उलटा केला की पहिल्यांदा दिसते ती वाळूचे कण आणि पाल्याचे तुकडे चिकटवलेली एक ओबडधोबड खोली. खोली बोटाने हळूच उकलली तर आतून दीड-दोन सेंटीमीटरची करड्या-तपकिरी रंगाची अळी बाहेर येते आणि तळहातावर स्वल्पविरामासारखी वाकते. ही हायड्रोप्सिकी, जाळे विणणारी कॅडिसफ्लाय.

ती ओळखायची कशी? आधी पाय मोजावेत. डोक्यामागच्या तीन खंडांवर पायांच्या तीन जोड्या, म्हणजे सहा पाय असले पाहिजेत. पाय नसलेली बारीक, वळवळणारी अळी असेल तर ती बहुधा चिलटांच्या कुळातली. मग शेपटीकडे पाहावे. दोन लांब शेपट्या असतील तर ती स्टोनफ्लाय. बहुधा तीन असतील आणि पोटाच्या कडेने पानांसारखे कल्ले हलत असतील तर ती मेफ्लाय. कॅडिसच्या अळीला अशी शेपटी नसते. तिच्या शेवटच्या टोकाला दोन मांसल आखूड पाय असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला एकच आकडी असते. डॉब्सनफ्लाय नावाच्या एका मोठ्या शिकारी अळीलाही मागे असे पाय असतात, पण तिच्या प्रत्येक पायाला दोन आकड्या. एवढा एक फरक भिंगाखाली नीट पाहिला की गफलत होत नाही.

आता छातीचे तीन खंड पाहावेत. तिन्हींच्या पाठीवर गडद, टणक पाट्या असतील, पोटाखाली फांद्या फुटल्यासारखे पांढरे कल्ल्यांचे झुपके असतील आणि मागच्या आकड्यांजवळ केसांचा कुंचला असेल, तर ती हायड्रोप्सिकीच्या कुळातली, यात शंका उरत नाही. पाटी फक्त पहिल्याच खंडावर असेल आणि अळी हिरवट, चपळ, घर किंवा जाळे न करणारी असेल, तर ती ऱ्यॅकोफिला. ती दगडांवर हिंडून शिकार करते. पिवळसर-नारिंगी अंगाची आणि एकाच पाटीची अळी पिशवीसारख्या लांबट जाळ्यातून निघाली, तर ती फिलोपोटॅमिड.

घर पाठीवर घेऊन फिरणाऱ्या अळ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. कोणी काटक्या आडव्या रचते, कोणी वाळूच्या कणांची निमुळती नळी करते, कोणी पानांचे चौकोन कापून जोडते. एक कुळ तर वाळूचे असे गोल घर वळते की पाहणाऱ्याला ती गोगलगाय वाटावी. प्रत्येक कुळाची बांधणी ठरलेली असल्याने घर पाहूनही कूळ सांगता येते. जगात या गणाच्या १४,००० हून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदल्या आहेत. गणाचे शास्त्रीय नाव ट्रायकॉप्टेरा, म्हणजे केसाळ पंखांचे. ते प्रौढ कीटकावरून पडले. पण या जिवाच्या आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली, अळीच्या रूपात जातो. पंख येतात ते शेवटच्या थोड्या दिवसांपुरते.

रात्री ८ वाजता: आगीला ४ तास

अंधार पुरता पडला आहे. शहरात शुक्रवारची रात्र सुरू झाली आहे आणि दगडाखाली दिवसभराच्या जाळ्याची डागडुजी चालली आहे.

हायड्रोप्सिकीच्या खोलीच्या तोंडाशी एक जाळे असते, प्रवाहाकडे तोंड केलेले. त्याची घरे चौकोनी आणि इतकी सारखी असतात की भिंगातून पाहताना हातमागावरच्या विरळ कापडाची आठवण व्हावी. धागा रेशमाचा. रेशीमकिड्यांचा आणि कॅडिसफ्लायचा वंश फार पूर्वी एकच होता. दोघांचेही रेशीम लाळेच्या ग्रंथींपासून घडलेल्या ग्रंथींतून येते आणि खालच्या ओठाशी बाहेर पडते. कॅडिसचे रेशीम मात्र पाण्याखाली, ओल्या दगडाला चिकटते. माणसाचा बहुतेक गोंद ओल्यावर निकामी होतो. या अळीचा गोंद तर ओल्यासाठीच आहे. म्हणून ओल्या जखमा जोडणाऱ्या गोंदाच्या शोधात काही संशोधक तिच्या रेशमाचा अभ्यास करतात.

जाळे विणताना अळी आपले डोके इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवते. डावीकडून उजवीकडे, पुन्हा उजवीकडून डावीकडे, आणि प्रत्येक फेऱ्यात धागा ठरल्या अंतरावर चिकटतो. शेवाळाचे कण, कुजक्या पानांचा चुरा, बारीक जीव, जे वाहत येईल ते या चाळणीत अडकते. ते खाता खाता ती पाणी गाळत असते. एका दगडामागे अशा अनेक जणी आणि नदीच्या तळाला असे असंख्य दगड, एवढे लक्षात घेतले की नदी स्वतःला कशी साफ ठेवते हे समजते.

जागेसाठी भांडणेही होतात. दुसरी अळी खोलीत शिरू लागली की मालकीण पुढच्या पायाची मांडी डोक्याच्या खालच्या खाचांवर घासून कुरकुर आवाज काढते. जागा तिची आहे, हे सांगण्याची ही तिची रीत.

रात्री १० वाजता: आगीला २ तास

या वेळी तळाचे बरेच जीव दगड सोडून प्रवाहात उतरतात आणि थोडे खाली जाऊन दुसरा दगड पकडतात. नदीचे अभ्यासक याला वाहणे म्हणतात, आणि अंधाऱ्या रात्री ते सर्वांत जास्त असते. जागा दाटली, खाणे कमी झाले की अळी असा प्रवास करते. एका ठिकाणचा तळ ओस पडला तर वरून वाहत आलेल्या अळ्या तो पुन्हा भरतात. हे इथे ध्यानात ठेवायला हवे, कारण पुढे याच वाहण्याचे दुसरे, भयंकर रूप येणार आहे.

ऱ्हाईनने तोपर्यंत पुष्कळ सोसले होते. १९७० च्या आसपास लोक तिला युरोपचे गटार म्हणत. पाण्यातला प्राणवायू इतका खालावला होता की अनेक कीटक तिच्यातून नाहीसे झाले होते. मग शहरांनी आणि कारखान्यांनी सांडपाण्यासाठी शुद्धीकरण केंद्रे बांधली, प्राणवायू वाढला आणि हायड्रोप्सिकीसारखे सोशिक जीव पुन्हा दाटीने दिसू लागले. या नदीच्या रक्षणासाठी काठच्या देशांनी १९५० मध्ये आंतरराष्ट्रीय आयोग नेमला होता, आणि तो याच बाझेल शहरात. सुधारणेची ती पंधरा वर्षे त्या रात्री दगडांखाली जिवंत होती.

मध्यरात्र: १९ मिनिटे

गोदामाच्या आत निळ्या रंगाच्या गोण्या धुमसत होत्या. बाहेर कोणालाच काही दिसत नव्हते.

शनिवार, १ नोव्हेंबर, रात्री १२ वाजून १९ मिनिटे

पोलिसांच्या गस्तीला श्वाइट्सरहालेत आग दिसली. इशारा गेला, बंब निघाले. महाराष्ट्रात त्या वेळी पहाटेचे ४ वाजून ४९ मिनिटे झाली होती. त्या दिवशी नरकचतुर्दशी होती. घरोघरी अभ्यंगस्नानासाठी पाणी तापत होते.

बंब पोहोचले तेव्हा गोदाम आतून पेटलेले होते. पिंपे फुटत होती, काही उडून दूर पडत होती. शेजारच्या इमारतींत आणखी धोकादायक रसायने होती आणि आग तिकडे पोहोचू नये ही पहिली निकड होती. फेसाने आग आवरेना, म्हणून पाण्याचा मारा सुरू झाला.

अग्निशामक दलाच्या जवानांना इथे दोष देता येत नाही. समोर जळते गोदाम, मागे झोपलेले शहर, हातात पाणी. कोणीही पाणीच मारले असते. त्या पाण्याला थांबायला जागा ठेवलेली नव्हती, हा दोष आधीच्या वर्षांचा होता.

रात्री १ ते ३

या तासांत आपत्ती नदीत उतरली. आगीवर मारलेले पाणी कीटकनाशके, पारा आणि रंग बरोबर घेऊन गोदामाबाहेर आले आणि गटारांतून ऱ्हाईनमध्ये गेले. संपूर्ण आगीत असे १०,००० ते १५,००० घनमीटर, म्हणजे एक ते दीड कोटी लिटर पाणी वाहून गेले. त्यातून नदीत गेलेल्या कीटकनाशकांचे अंदाज १० ते ३० टनांच्या दरम्यान आहेत.

त्यातली मुख्य कीटकनाशके डायसल्फोटॉन आणि थायोमेटॉन, दोन्ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. आपला शेतकरी ज्याला फवारणीचे औषध म्हणतो, त्यातलेच हे एक कूळ. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा चर्चेत आलेल्या औषधांपैकी मोनोक्रोटोफॉस याच गटातले. या विषाचे काम समजून घेतले की नदीच्या तळाशी काय झाले ते दिसते. मज्जातंतू स्नायूला इशारा देतो तेव्हा असिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते. काम झाले की एक विकर ते लगेच फोडते आणि स्नायू मोकळा होतो. हे विष त्या विकरालाच बांधून टाकते. इशारा थांबत नाही आणि स्नायू आखडून, थरथरून शेवटी निकामी होतो. माणसाला मारायला जितके विष लागते, त्याच्या अगदी थोड्या अंशाने कीटक मरतो. त्यासाठीच ते बनवलेले असते.

वाहत्या पाण्यात असे विष आले की कॅडिसच्या अळीचे काय होते, हे इतर नद्यांच्या आणि प्रयोगशाळांच्या अनुभवावरून माहीत आहे. विषाचे प्रमाण कमी असेल तर आधी जाळे बिघडते. प्रदूषित ओढ्यांतल्या हायड्रोप्सिकीची जाळी वेडीवाकडी असल्याचे १९८० च्या दशकातच अभ्यासकांनी नोंदले आहे: कुठे घरे मोठी, कुठे धागे एकमेकांत गुंतलेले, कुठे चौकोनाचे तीनच कोन. आठच्या आकड्यासारखे फिरणारे डोके आपली लय विसरते. प्रमाण जास्त असेल तर बिघडलेले जाळे विणायलाही सवड मिळत नाही. पाय थरथरतात, आकडी सुटते आणि अळी प्रवाहात जाते. नदीचे अभ्यासक याला आपत्तीचे वाहणे म्हणतात. रात्री दहाला अळी मनाने दगड सोडत होती. आता दगडच तिच्या पायांतून निसटत होता. तिला पुढचा दगड धरता येत नाही, आणि धरला तरी तिथेही तेच पाणी.

पहाटे ३ वाजून ४३ मिनिटे

बाझेल आणि आसपासच्या गावांत भोंगे वाजले. कुजलेल्या अंड्यांसारखा, लसणासारखा उग्र वास शहरभर पसरला होता. पोलिसांच्या गाड्यांवरच्या ध्वनिक्षेपकांवरून आणि रेडिओवरून एकच सांगितले जात होते: घरात थांबा, खिडक्या बंद ठेवा. लोक अंधारात बिछान्यावर उठून बसले. चेर्नोबिलला जेमतेम सहा महिने झाले होते, आणि भोपाळच्या वायुकांडाला दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्या पहाटे बाझेलकरांच्या मनात ही दोन नावे आली नसतील असे म्हणवत नाही. पुढच्या दिवसांत शहराच्या भिंतींवर चेर्नोबिल आणि बाझेल ही नावे जोडून केलेला "चेर्नोबाल" हा शब्द रंगवलेला दिसू लागला.

भोंगे हवेसाठी वाजले. पाण्यासाठी वाजवायचा भोंगा कोणाजवळ नव्हता. खालच्या देशांना इशारा उशिरा गेला.

पहाटे ५ वाजता

आग आटोक्यात आली. गोदामाचा सांगाडा उरला. पाणी मात्र अजून वाहतच होते.

सकाळी ७ वाजता

भोंगे पुन्हा वाजले, या वेळी धोका टळल्याचे सांगायला. हवेतल्या विषाने कोणी दगावले नव्हते. माणसांच्या घड्याळात आपत्ती सुमारे सात तास चालली आणि इथे संपली.

उजाडले तेव्हा बाझेलच्या पुलांवरून दिसले की ऱ्हाईन लाल झाली आहे. तो रंग ऱ्होडामिनचा, आणि तो स्वतः मारणारा नव्हता. खरे विष बिनरंगाचे होते. रंगामुळे एवढेच झाले की विषाची वाट डोळ्यांना दिसली. तो लाल रंग आगीच्या पाण्यात नसता तर त्या सकाळी कितीजण नदीकडे वळून पाहते, हा विचार मनातून जात नाही.

त्याच सकाळपासून मेलेल्या ईल माशांची मोजणी सुरू झाली. ईल तळाशी, दगडांच्या कपारीत राहतात. म्हणजे कॅडिसच्या शेजारचेच. खाली लोरेलाय खडकापर्यंत, सुमारे ४०० किलोमीटरच्या पट्ट्यात दीड लाखांच्या आसपास ईल मेले. त्यांचे ढीग छायाचित्रांत आले. अळ्यांचे ढीग दिसत नाहीत. त्या वाहून गेल्या, कुजल्या, नदीच्या गाळात मिसळल्या. विषाची लाट जर्मनीतून हॉलंडकडे सरकली. काठच्या शहरांनी पिण्यासाठी नदीचे पाणी उचलणे थांबवले.

त्यानंतर

ही सगळी नोंद लिहायला बसण्याचे कारण याच टप्प्यावर येते.

विषाची लाट एका जागेवरून काही तासांत निघून जाते. तिच्यामागून येणारे पाणी बाटलीत भरून तपासले तर ते पुष्कळदा साधारण पाणीच निघते. बाटलीतला नमुना भरल्या क्षणाचे पाणी सांगतो. आदल्या रात्रीचे सांगू शकत नाही. तळाची अळी सांगू शकते. हायड्रोप्सिकी अनेक महिने पाण्यातच काढते, कात टाकत पाच टप्प्यांत वाढते, हिवाळा अळीच्या रूपातच पार करते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला कोष करून पंख मिळवते. तिच्या आयुष्यात जे जे पाणी त्या दगडावरून गेले, ते सगळे तिच्यावरून गेलेले असते. दगड उलटला आणि रिकामी खोली, फाटलेले जाळे दिसले, अळी नाही दिसली, तर त्या ठिकाणी मागे काहीतरी घडून गेले आहे. विष गेल्यावरही कितीतरी दिवस ती रिकामी खोली साक्ष देते.

ही साक्ष वाचायची म्हणजे आधी अळी ओळखता आली पाहिजे. ब्रिटनमध्ये नद्यांच्या तपासणीसाठी गुणांची एक पद्धत बसवली गेली: गाळातल्या सामान्य किड्याला १ गुण, चिलटांच्या अळीला २, हायड्रोप्सिकीच्या कुळाला ५, आणि लांब मिशांच्या, नाजूक घरे करणाऱ्या लेप्टोसेरिड कॅडिसला पूर्ण १०. नाव चुकले की गुण चुकतात आणि नदीची प्रकृती चुकीची समजते. घर पाहून कूळ ओळखणे, पाठीवरच्या पाट्या मोजणे, आकडी एक की दोन ते पाहणे, हा सगळा खटाटोप त्यासाठीच.

इंग्लंडच्या केनेट नदीवर २०१३ च्या जुलैमध्ये हे प्रत्यक्ष घडले. तिथले स्वयंसेवक नियमाने तळ ढवळून तिथल्या जिवांचे ठरलेले आठ गट मोजतात. त्यातले दोन गट कॅडिसचे आहेत, घर करणाऱ्या आणि घर न करणाऱ्या. त्यांना दिसले की मार्लबरोच्या खालच्या पट्ट्यात जाळीत जिवंत जवळजवळ काहीच येत नाही. तपास होऊन क्लोरपायरिफॉस सापडले, हेही ऑर्गॅनोफॉस्फेटच. सुमारे १५ किलोमीटरचा तळ ओस पडला होता. कारणीभूत विष एक-दोन चमच्यांहून अधिक नसावे असा अंदाज निघाला. तिथे नदी लाल झाली नाही, भोंगा वाजला नाही, मोठे मासे तडफडताना दिसले नाहीत. घर करणारी कॅडिस कोणती आणि न करणारी कोणती, हे ठाऊक असलेली माणसे तेव्हा पाण्यात उभी होती, म्हणून कळले.

ऱ्हाईनची पुढची हकिकत धीर देणारी आहे. ऑक्टोबर १९८७ मध्ये काठच्या देशांच्या मंत्र्यांनी स्ट्रासबुर्गला ऱ्हाईन कृती कार्यक्रम मंजूर केला. २००० सालापर्यंत सामन मासा नदीत परत यावा, हे त्याचे सर्वांना समजेल असे उद्दिष्ट. कारखान्यांना आगीचे पाणी अडवण्याच्या टाक्या बांधाव्या लागल्या. १९९३ पासून बाझेलच्या जरा खाली, वाइल आम ऱ्हाईन इथले केंद्र नदीच्या पाण्यावर अखंड नजर ठेवते. पाण्याचा भोंगा शेवटी मिळाला.

दगडांखालचे रहिवासी मंत्र्यांच्या आधी परतले. वरच्या नदीतून आणि उपनद्यांतून रात्री वाहत आलेल्या अळ्यांनी आणि पंख फुटल्यावर प्रवाहाविरुद्ध उडून अंडी घालणाऱ्या माद्यांनी तळ पुन्हा भरायला सुरुवात केली. काही महिन्यांत जाळी दिसू लागली. आपत्ती वरच्या नदीला शिवली नव्हती, म्हणून हे झाले. वरची नदीच जिवंत नसती तर रिकाम्या दगडावर यायला कोण उरले असते?

पुढे तळाचे चित्र पुन्हा बदलले. काळ्या आणि कॅस्पियन समुद्राच्या मुलखातला, चिखलाच्या नळ्या बांधणारा एक चिमुकला कवचधारी जीव कालव्यांतून ऱ्हाईनमध्ये पसरला. त्याच्या नळ्यांनी दगड असे लिंपले गेले की खालच्या नदीत हायड्रोप्सिकीला जाळे लावायला मोकळी जागा उरेना. हेही कळले ते दगड उलटून पाहणाऱ्यांनाच. पाण्याच्या बाटलीत याचा पत्ता लागला नसता.

हायड्रोप्सिकीच्या कुळातल्या अळ्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही आहेत. पावसाळा ओसरला आणि पाणी निवळले की खळाळत्या जागी गुडघाभर पाण्यात उतरावे, एक दगड दोन्ही हातांनी अलगद उचलावा आणि पाणी भरलेल्या पांढऱ्या ताटलीवर धरून त्याची खालची बाजू पाहावी. वाळूची खोली आहे का? जाळ्याची घरे सारखी आहेत का? अळीच्या पाठीवर पाट्या एक की तीन? जे दिसेल ते तारीख घालून वहीत लिहावे. पुढच्या महिन्यात त्याच जागी परत यावे. ओढ्याकाठी कुठे फवारणीचा पंप धुतला गेला, कुठे डबे पाण्यात बुचकळले गेले, तर त्या वहीत ते उमटेल.

पाहून झाले की दगड होता त्याच जागी, होता तसाच पालथा ठेवावा. प्रवाहाकडची बाजू प्रवाहाकडेच यायला हवी. जाळ्याचे तोंड येणाऱ्या पाण्याकडे असते आणि रात्र पडली की ती पुन्हा विणायला बसणार आहे.